अकरावा मणी

भोकं पाडणं माझ्याकडे.
बाकी सगळं मुलांनी स्वतःच्या हातांनी करायचं
असा सिस्टर बेनिग्नांचा नियम.
म्हणून ऑक्टोबरभर, सानोकच्या टेकड्यांवरचं धुकं उठायच्या आत
मी बालवर्गाच्या कोपऱ्यात स्टुलावर बसते,
मांडीवर फडकं, मुठीत गिरमिट,
आणि एकेका चेस्टनटला बेंबी देत जाते.

दोन भोकं पायांना, दोन हातांना, एक मानेला.
शेळीला शेपटीचं एक जास्त.
साळिंदराला किती, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आठला मुलं येतात, ओल्या बुटांची,
खिसे फुगवून आणखी चेस्टनट घेऊन,
जसे काही माझ्याकडे कमीच होते.
काडी जोरात दाबली की मोडते,
हे क्लेमेन्सला आज कळलं.
काल मी सांगितलं होतं, तोंडाने.
तोंडाने सांगितलेलं
या वर्गात कोटासारखं दाराबाहेर खुंटीवर राहतं.

आज जपमाळ. हा महिना तिचाच.
टेबलावर यझेंबिनाचे घोस, लालभडक,
बोथट सुया, पांढरा दोरा.
दहा फळं, मग ओकचं एक बोंड.
दहा वेळा नमो मरिया,
मग एकदा हे आमच्या स्वर्गातील बापा.
सिस्टरांची बोटं संधिवाताने आल्यासारखी झालीत,
सुई त्यांना धरवत नाही,
त्या हवेतच ओवून दाखवतात
आणि मुलं त्या हवेकडे नीट बघतात.

लिलियाना सहावरून थेट नऊवर उडी मारते.
दोघांनी फळ चावून पाहिलं,
आता दोघं बाहीला जीभ पुसतायत.
यरेमी काहीच बोलत नाही. तो ओवतो.

सिस्टर त्याची माळ बोटाखालून सरकवतात.
परत सरकवतात.
"यरेमी, दहा हवेत."
"माहितीये."
"हे अकरा आहेत."
"एखादं पडलं तर?"

त्याचा बाप छपरं शाकारतो,
दातांत कायम एक जादा खिळा धरून.
हे मला माहीत आहे, सिस्टरांना नाही.
चाळीस वर्षं प्रश्नोत्तरं शिकवलेल्या त्या,
तोंड उघडतात, मिटतात,
आणि माझ्याकडे पाहतात
जणू हे जास्तीचं भोक मीच पाडलं.

माळा खिडकीबाहेर टांगल्या, सगळ्या एकोणीस.
मग मृतांचा दिवस आला, कबरींवर दिवे लागले,
मुलांनी रंगवलेल्या काचा काजळून गेल्या,
आणि पहिल्या कडक थंडीत
उत्तरेकडून ते तुरेवाले पक्षी उतरले,
करडे, गुबगुबीत, पिसांत मेणाचा थेंब अडकल्यासारखे.

हाकलायला मी फडकं घेऊन उठले.
सिस्टरांनी माझी बाही धरली.
मुलं काचेला नाकं लावून उभी.
लिलियाना रडत होती, तिची माळ पहिली गेली.
क्लेमेन्स पक्ष्यांच्या बाजूने.
यरेमी मोजत होता: चार, पाच, सहा,
आणि शेजारी सिस्टरांचे ओठ हलत होते
प्रत्येक चोचीसरशी, अगदी बारीक.
मी विचारलं नाही.
मी चर्चला ईस्टरला जाते आणि लग्नांना.

सोमवारी दोरे मोकळे.
नमो मरिया सगळ्या संपल्या होत्या,
स्वर्गातले बाप तेवढे लटकत राहिले, टणक,
वाऱ्याने काचेवर टकटक करत.
यरेमीच्या दोऱ्याला गाठीपाशी एक फळ उरलं होतं.
"बघा," तो म्हणाला.
दुपारच्या सूपपर्यंत तेही गेलं.

शेल्फवरची चेस्टनटची माणसं आता सुरकुतलीत,
पाय ढिले, चेहरे आत गेलेले,
तरी कुणी टाकू देत नाही.
उद्यापासून नाताळचे अक्रोड.
त्यांना भोक पाडताना गिरमिट घसरतं.
मागच्या वर्षीची खूण
अंगठ्यावर अजून आहे.